डाउन पेमेंट कमी पडतंय? आधी तूट नेमकी किती आहे ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत ६० लाखांचा टू बीएचके पसंत पडला आहे, बांधकाम चालू आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीत, हातात येणारा पगार मिळून महिना १ लाख १५ हजार. भाडे १७ हजार, गाडीचा हप्ता साडेनऊ हजार (अजून तीन वर्षे), घरखर्च जाऊन ३० हजार शिल्लक राहतात. बँकेतली बचत ९ लाख, नवऱ्याच्या पीएफमध्ये साधारण ६ लाख. २० टक्के म्हणजे १२ लाख स्वतःचे लागणार, ३ लाख कमी आहेत. एजंट म्हणतो पर्सनल लोन काढा. सासरे निवृत्तीच्या ठेवीतले पैसे द्यायला तयार आहेत. गेल्या रविवारी ५१ हजारांचे टोकन देऊन झाले आहे. पुढे काय करावे?

तुमच्या प्रश्नातला सर्वात महत्त्वाचा आकडाच चुकलेला आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. तूट ३ लाखांची नाही. ती साडेदहा लाखांची आहे.

बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ही वरची मर्यादा झाली. बँक तेवढे देईलच असे नाही. आणि ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, कागदपत्रांचा खर्च किमतीत धरायचा नसतो. दहा लाखांपर्यंतच्या घरांना त्यात सवलत आहे, पण पुण्या-पिंपरीत त्या किमतीत घर मिळत नाही, तेव्हा तो विषय सोडून देऊ.

आता तुमच्या फ्लॅटचा हिशोब कागदावर मांडा. करारातली किंमत ६० लाख, कर्ज ४८ लाख, स्वतःचे १२ लाख. बांधकाम चालू असलेल्या आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के (मूळ ५, स्थानिक संस्था १, मेट्रो १), म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. बेरीज १९ लाख ५० हजार. साईटवर ज्याला तुम्हाला २० टक्के म्हणून सांगितले गेले, ते प्रत्यक्षात किमतीच्या साडेबत्तीस टक्के आहे. यात अजून बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, पंखे-ग्रिल-किचन ट्रॉली काहीच धरलेले नाही. काही बँका जीएसटी किमतीत धरून त्यावरही कर्ज देतात, काही देत नाहीत. अर्ज करण्याआधी हा एक प्रश्न नक्की विचारा, त्याने दोन-अडीच लाखांचा फरक पडतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. हे साडेएकोणीस लाख एकाच दिवशी लागत नाहीत. जीएसटी प्रत्येक हप्त्यासोबत जातो. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायद्याच्या (बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या) कलम १३ मध्येच तसे आहे. पुढचे टप्पेही महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात बांधून दिलेले आहेत: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, आणि शेवटचे ५ टक्के ताबा देताना. पण बँक आपला पैसा सोडण्याआधी तुमचा वाटा भरल्याच्या पावत्या मागते. बँकेत त्याला ओसीआर म्हणतात. त्यामुळे १२ लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि १२ लाखांवरचा ६० हजारांचा जीएसटी असे सुमारे १७ लाख पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उभे करावे लागतात. तुमचा वाटा आणि बँकेचा वाटा टप्प्याटप्प्याने सोबत जाऊ द्यायला काही बँका तयार होतात, विशेषतः इमारत अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असेल तेव्हा. विचारल्याशिवाय कोणी स्वतःहून सांगत नाही.

(घर ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो. तो किमतीतूनच जातो, वेगळा खर्च नाही. तुमच्या बाबतीत ६० हजार. चलन जपून ठेवा, ते तुमच्या वाट्यात मोजले जाते.)

आता पर्सनल लोन. या उपायावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याच पायरीवरून घसरलेली कुटुंबे गृहकर्जाच्या टेबलावर मी सर्वाधिक पाहिली आहेत. पगार चांगले, नोकऱ्या पक्क्या, आणि तरी दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात काही नाही.

तुमच्या पीएफमधून साडेचार लाख निघाले असे धरू (ते कसे, पुढे सांगतो). ९ आणि साडेचार, साडेतेरा लाख. म्हणजे ६ लाख कमी. ते पर्सनल लोनने भरायचे ठरवले, व्याज १३ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता साधारण १३,६५० रुपये. आता बँक तुमची पात्रता कशी काढते ते पाहा. हातात येणाऱ्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा सगळ्या हप्त्यांची बेरीज जास्त होऊ नये, एवढाच तो नियम. टक्केवारी बँकेगणिक बदलते. आपण ५० धरू. १ लाख १५ हजारांचे निम्मे ५७,५००. त्यातून गाडीचा हप्ता गेला, उरले ४८ हजार. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एका लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे आज तुम्ही ५५ लाखांच्या कर्जाला पात्र आहात, ४८ लाख आरामात मिळतील. पर्सनल लोनचे १३,६५० वजा केले की उरतात ३४,३५०. त्यावर कर्ज बसते साडेएकोणचाळीस लाख. ४८ ऐवजी साडेएकोणचाळीस.

६ लाखांचा खड्डा बुजवायला गेलात आणि पलीकडे साडेआठ लाखांचा नवा पडला. कारण साधे आहे: पाच वर्षांच्या महागड्या कर्जाचा हप्ता वीस वर्षांच्या स्वस्त कर्जाची मोठी जागा खातो. लाखाचे पर्सनल लोन गृहकर्जाची पात्रता अडीच लाखांहून अधिकने खाली आणते. ज्यांची पात्रता भरपूर शिल्लक आहे त्यांना हे लगेच जाणवत नाही, पण भरपूर पात्रता असलेल्या माणसाला डाउन पेमेंटची अडचण सहसा नसते.

एजंट यावर म्हणेल की आधी गृहकर्ज मंजूर करून घ्या, मग पर्सनल लोन काढा, बँकेला कळणार नाही. कळते. पहिला हप्ता सोडण्याआधी सिबिल (तुमच्या कर्जांची नोंद) पुन्हा पाहिला जातो, आणि बांधकाम चालू असलेल्या घरात हप्ते दोन-तीन वर्षे सुटत राहतात. मधेच बँकेने रक्कम कमी केली, तर बिल्डरचे डिमांड लेटर तुमच्या नावावर येते आणि उशिराचे व्याजही तुमच्याच नावावर चढते. समजा कोणी पाहिलेच नाही, तरी महिन्याला जाणार किती? सगळे कर्ज सुटल्यावर घराचा हप्ता ४१,६५०, पर्सनल लोन १३,६५०, गाडी साडेनऊ हजार. जवळपास ६५ हजार. ताबा मिळेपर्यंत भाडे वेगळेच. घरात बाळ येणार असेल, दोघांपैकी एकाने काही महिने नोकरी सोडली तर हे गणित एका पगारावर कसे चालेल, ते आजच बसून बघा.

नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेचे कर्ज काहींना यापेक्षा सोयीचे वाटते, व्याजही कमी असते. पण त्याची कपात पगारपत्रकावर दिसते, आणि बँक पगारपत्रक वाचते. सोनेतारण कर्जाचेही तेच. मुद्दा व्याजदराचा नाही. ज्या पैशाच्या मागे हप्ता आहे, तो डाउन पेमेंट म्हणून मोजू नका.

मग हप्ता नसलेला पैसा कुठून येतो?

पहिला पीएफ. घरासाठी पीएफमधून रक्कम काढता येते आणि ती परत भरायची नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने अंशतः पैसे काढण्याचे सगळे वेगवेगळे नियम तीन गटांत आणायचे ठरवले, त्यात घर हा एक गट आहे, आणि २५ टक्के रक्कम खात्यात शिल्लक ठेवायची अट आहे. तुमच्या ६ लाखांचे साडेचार मी त्या हिशोबाने धरले. अडचण नियमांत क्वचितच येते. ती येते आधारवरचे नाव आणि पीएफमधले नाव जुळत नाही, लग्नानंतर आडनाव बदललेले आहे, जुन्या कंपनीचे खाते नव्याशी जोडलेले नाही, आधीच्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, अशा गोष्टींत. ही कामे करायला आठवडे जातात. म्हणून करार करायच्या आधी दोघांचीही पासबुके उघडून पाहा. बायकोचा पीएफ तुम्ही लिहिलेलाच नाही. नोकरी आहे म्हणजे बहुधा तोही असेल. पीपीएफ खाते जुने असेल तर त्यातूनही सातव्या आर्थिक वर्षापासून काही भाग काढता येतो.

दुसरे, सासऱ्यांचे पैसे. आई-वडिलांनी मुलाला दिलेल्या रकमेवर आयकर लागत नाही, सासू-सासऱ्यांनी सुनेला दिली तरी नाही. पैसे बँकेतून वळते करा, रोख घेऊ नका, आणि एका साध्या कागदावर भेट म्हणून दिल्याचे लिहून सही घ्या. गृहकर्जाच्या अर्जासोबत सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट जाते. त्यात अचानक चार लाख आलेले दिसले की अधिकारी विचारतोच. उसने घेत असाल तरीही बँकेतूनच, कारण २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने कर्जाऊ घेणे आयकर कायद्याला चालत नाही. पण कायद्यापेक्षा महत्त्वाचे सांगायचे ते हे. निवृत्त माणसाच्या ठेवीला दुसरा पगार येत नसतो. सासरे प्रेमाने देतील, विचारले तर सगळीच मोडून देतील. त्यांचा औषधपाण्याचा खर्च, आरोग्य विमा, दोघांचे पुढचे दहा-पंधरा वर्षांचे जगणे बाजूला काढून जे खरोखर जास्तीचे उरते, तेवढेच घ्या. तुमच्या घरासाठी त्यांची महिन्याची व्याजाची आवक तुटत असेल, तर नको म्हणा. आणि त्यांना दुसरा मुलगा किंवा मुलगी असेल तर तिच्या कानावर ही रक्कम आधीच घाला. भावंडांतला अबोला अशाच न सांगितलेल्या रकमांतून सुरू झालेला मी पाहिला आहे.

तिसरे, दागिने. गहाण ठेवण्यापेक्षा, कधीच न घातले जाणारे मोडणे हिशोबाला बरे पडते, पण ते स्त्रीधन आहे. त्याचा निर्णय फक्त जिचे आहे तिचा. घरातल्या चार जणांनी बसून तो घ्यायचा नसतो.

चौथे, जे कुणाला मागावे लागत नाही: मुद्रांक शुल्क. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर खरेदी केले तर १ टक्का सवलत आहे. ६० लाखांवर ६० हजार. नवऱ्याचे नाव सहमालक म्हणून टाकले की ही सवलत जाते. मालक पत्नी आणि कर्जात पती सहकर्जदार, असे करता येते; प्रत्येक सहमालक कर्जात लागतो, पण प्रत्येक सहकर्जदार मालक असावा लागत नाही. मात्र मालक नसलेल्या नवऱ्याला घराच्या व्याजाची आयकर वजावट मिळणार नाही. तुम्ही दोघे नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घरावर ती तशीही नाही. जुन्या प्रणालीत असाल तर आधी सीएला विचारा.

सरकारी अनुदानाबद्दल बरेच जण विचारतात. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधली व्याज सवलत वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबांसाठी आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि लाभ जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तुमचे उत्पन्न त्याच्या वर आहे. जे बसतात त्यांनीही लक्षात ठेवावे की ही रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत कर्ज खात्यात येते. डाउन पेमेंट भरायला ती उपयोगी नाही, आणि साईटवरचा माणूस ती धरून हिशोब दाखवत असेल तर ती खोडून बेरीज पुन्हा करा. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत अर्ज करत राहायला मी नेहमी सांगतो, पण नंबर लागेल यावर बाकीचे नियोजन थांबवू नये.

आता अशा सूचना, ज्या तुम्हाला पुढच्या आठवड्याभरात साईटवर ऐकायला मिळतील.

'आत्ता १० टक्के भरा, बाकी ताबा मिळाल्यावर.' विचारा: मधल्या काळात माझ्या नावावर बँकेचे कर्ज निघणार आहे का? निघणार असेल आणि त्याचे व्याज ताब्यापर्यंत बिल्डर भरणार असेल, तर बिल्डरने व्याज थांबवले त्या दिवशी बँक तुम्हाला धरते. बांधकामाच्या टप्प्याशी न जोडता आगाऊ पैसे सोडण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले, आणि जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांतून कर्ज देण्यापासून परावृत्त केले. हे सगळे ग्राहक पोळले गेल्यावरच झाले. कर्ज अजिबात न काढता बिल्डर खरोखर थांबणार असेल तर चांगलेच, पण ते नोंदणीकृत करारात लिहून घ्या, आणि तोच फ्लॅट नेहमीच्या हप्त्यांत घेतला तर किती कमी पडतो तेही विचारा.

'करार ६६ लाखांचा दाखवू, कर्ज जास्त मिळेल.' ६६ लाखांच्या ८० टक्के म्हणजे ५२ लाख ८० हजार, खरी किंमत ६०, तुमच्या खिशातून फक्त सव्वासात लाख. ऐकायला गोड आहे. पण खोट्या ६ लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ५ टक्के जीएसटी असे ७२ हजार तुम्ही भरता, वाढीव ४ लाख ८० हजारांच्या कर्जापायी वीस वर्षे महिन्याला आणखी ४,१६५ रुपये देता, आणि बँकेची फसवणूक करणारा कागद तुमच्या सहीने नोंदणी कार्यालयात कायमचा पडून राहतो. करू नका.

रीसेलमध्ये याच्या उलट होते. विक्रेता म्हणतो, ४८ लाखांतले ८ रोख द्या, करार ४० चा करू, तुमचे मुद्रांक शुल्क वाचेल. वाचतात ५६ हजार, तेही रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या किमान किमतीचा) दर आड आला नाही तर. आणि कर्ज मिळते ४० च्या ८० टक्के, ३२ लाख. खिशातून लागतात १६ लाख. सगळा व्यवहार चेकने केला असता तर ९ लाख ६० हजार लागले असते. ज्याच्याकडे डाउन पेमेंट कमी आहे, त्याला रोखीचा व्यवहार मुळात परवडतच नाही. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे.

पुण्याच्या कडेला स्वस्तात मिळणारी घरे, गुंठेवारीतली (मंजुरीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची), बिगरशेती न झालेल्या जमिनीवरची, कमी डाउन पेमेंटच्या नावाखाली खपवली जातात. चांगली बँक त्यांना कर्ज देत नाही, तिचा वकील सर्च रिपोर्टमध्येच थांबतो. बँकेने नाकारलेले घर दुसऱ्या कुणी चढ्या व्याजाने दिले, म्हणून त्याचे कागद सुधारत नाहीत.

माझे मत विचाराल तर हा ६० लाखांचा फ्लॅट आत्ता घेऊ नका. त्याच भागातला, भोगवटा प्रमाणपत्र असलेला, आठ-दहा वर्षे जुना टू बीएचके शोधा. समजा तो ४८ लाखांना मिळाला. जीएसटी नाही. कर्ज ३८ लाख ४० हजार, स्वतःचे ९ लाख ६० हजार, मुद्रांक शुल्क ३ लाख ३६ हजार, नोंदणी ३० हजार, एक टक्का दलाली ४८ हजार. पावणेचौदा लाख. फक्त पत्नीच्या नावावर घेतला तर त्यातले ४८ हजार कमी. हप्ता ३३,३०० च्या आसपास, गाडी धरून ४३ हजारांच्या आत, आणि राहायला गेल्या दिवसापासून भाडे बंद. नव्या इमारतीत क्लब हाउस असेल, इथे नसेल. पण इथे शेजारी कोण आहेत, पाणी किती वेळ येते, पावसात भिंत ओलावते का, हे सगळे विकत घेण्याआधी बघता येते. मला याचे मोल फार वाटते.

पैसे असे जमतात. ९ लाखांतले अडीच लाख मोडायचे नाहीत, ते नोकरी गेली किंवा दवाखाना निघाला तर पाच-सहा हप्त्यांसाठी. राहिले साडेसहा. पीएफचे साडेचार. दहा महिने ३० हजार बाजूला टाकले की ३ लाख. चौदा झाले. रंगरंगोटी, नळ-वायरिंग यांना लाख-दीड लाख लागतात, तेवढे सासऱ्यांकडून घ्यायला माझी हरकत नाही. हे दहा महिने आणखी एका कामाचे आहेत. नव्या घराचा हप्ता आजच्या भाड्यापेक्षा १६ हजारांनी जास्त असणार. ते १६ हजार आणि वर सोसायटीचा मेंटेनन्स, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका आणि उरलेल्यात महिना काढा. दोन महिन्यांत ओढाताण झाली तर घराचे बजेट आणखी खाली आणा.

रीसेलमध्ये एक धोका वेगळा आहे, तो आधीच झाकून घ्या. बँक कर्ज करारातली किंमत आणि तिच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत, यातल्या कमी रकमेवर देते. ४८ च्या घराची किंमत व्हॅल्युअरने ४५ लावली, तर कर्ज ३६ लाखांवर येते आणि तुमच्या वाट्याला आणखी २ लाख ४० हजार. म्हणून विसार पावतीत एक वाक्य टाकून घ्या: ठरलेल्या रकमेचे कर्ज मंजूर न झाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणत नाही. पावती लिहिण्याआधी इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), मागच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीचे ना हरकत पत्र, आणि विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज शिल्लक असल्यास त्याच्या बँकेचे थकबाकीचे पत्र पाहा.

मुंबई-ठाण्याकडच्या वाचकांसाठी एक जोड. वर सांगितलेल्या कर्जमर्यादांमुळे ९३ लाख ७५ हजारांच्या घरावर जास्तीत जास्त कर्ज ७५ लाख, आणि १ कोटीच्या घरावरही ७५ लाखच. मधल्या सव्वासहा लाखांतला प्रत्येक रुपया पूर्णपणे तुमच्या खिशातला. तसेच ३३ लाख ३३ हजार ते साडेसदतीस लाखांच्या दरम्यान कर्ज ३० लाखांवरच अडते. या पट्ट्यांत घर बघत असाल तर भाव करताना जोर लावा. तिथे कमी झालेला लाख हा डाउन पेमेंटमधला सबंध लाख असतो.

राहिले तुमचे ५१ हजार. अलॉटमेंट लेटर मिळाले असेल तर आज रात्रीच वाचा. महारेराच्या (रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नमुना पत्रात पत्र दिल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काहीही कापायचे नाही असे आहे, आणि त्यानंतरची कपात टप्प्याटप्प्याने वाढत फ्लॅटच्या किमतीच्या २ टक्क्यांपर्यंत जाते. तुमच्या पत्रात वेगळे काही लिहिले आहे का ते पाहा. ६० लाखांचे २ टक्के म्हणजे १ लाख २० हजार, तुमच्या टोकनच्या दुपटीहून जास्त, तेव्हा दिवस मोजा. पत्र मिळालेच नसेल, नुसती पावती असेल, तर थांबू नका. फोनवर बोलून भागणार नाही. प्रकल्पाच्या महारेरा नोंदणीत दिलेल्या ईमेलवर बुकिंग रद्द करत असल्याचे कळवा, पावतीचा फोटो आणि परताव्यासाठी खाते क्रमांक जोडा, आणि तीच प्रत साईट ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. विक्री प्रतिनिधी दुसरा, लहान फ्लॅट दाखवून टोकन तिकडे वळवायला सांगेल. लेखी उत्तर येईपर्यंत कशावरही सही करू नका. उत्तर आलेच नाही तर महारेराच्या संकेतस्थळावर तक्रार दाखल करता येते, आणि तिथे ही पोच दिलेली प्रत लागेल.